देवदाराच्या खांबावरची गाठ

बांदवाडी, ता. वेंगुर्ले
२२ ऑगस्ट १९५७

चि. महादूस,

बांदवाडीहून तुझी बहीण तुळसा हिचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिणारा तिचा थोरला दीर भिकाजी. ती सांगते आणि मी लिहितो. तेव्हा मजकूर तिचा, अक्षर माझं; 'मी' लिहिलं असेल तिथे मी भिकाजी समज.

इकडचं क्षेम काय लिहावं! लवूला, माझ्या धाकट्या भावाला आणि तुझ्या भावोजीला, घर सोडून दीड वर्ष होत आलं. गलबत कालिकतला लागलं, हा संध्याकाळचा बोचकं घेऊन खाली उतरला तो परत चढला नाही. तांडेलाने तीन दिवस वाट पाहिली, पोलिसांत वर्दी दिली आणि शीड उभारलं. मेला म्हणावं तर मढं नाही, आहे म्हणावं तर चिठ्ठी नाही.

आता कामाचं. आमच्या बंदरावरचा खांब तू तुळसाच्या लग्नात एकदा पाहिला आहेस. आमच्या पणज्याच्या वेळी कुठल्याशा विलायती जहाजाची डोलकाठी मोडून किनाऱ्याला लागली. देवदाराचं लाकूड, अजून वास येतो. त्या वेळच्या सुताराने त्यावर खाली कासव, वर मगर, मग मासळी, मग माणसाचं तोंड आणि टोकाला घार कोरली. तुमच्या देवबागेत असला खांब नाही, म्हणून रिवाज सांगतो. पुरुष दर्यावर निघाला की त्याची बायको खांबाला हळदीत भिजवलेल्या सुंभाची गाठ मारते. तो परत आला की स्वतःच्या हाताने सोडतो. तोवर ती बाई गाठीतली. तिने डोक्याला तेल लावायचं नाही, खाडी ओलांडायची नाही, दुसऱ्याचा उंबरा चढायचा नाही आणि डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. पुरुष आलाच नाही तर गाठीला कोणी हात लावत नाही. पावसापाण्याने कुजून ती आपली आपण गळते. एक पावसाळा, फार तर दोन. गळली की दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकतो, बांगड्या उतरतात आणि बाई मोकळी होते. गाठ कापली तर मात्र तो पुरुष जिथे असेल तिथे मरतो, असं वाडवडील सांगत आले.

गेल्या दिवाळीनंतर मुंबईची प्रदर्शनवाली मंडळी आली. चार महिन्यांसाठी खांब द्या म्हणाली. मुंबईत वाडीचं नाव होणार म्हणून आम्ही हुरळलो आणि उपटून दिला. त्या हंगामातल्या सगळ्या गाठी सुटल्या होत्या, एक सोडून. ती कोणाच्या ध्यानातच आली नाही. मी स्वतः खांबाला दोर लावत होतो, माझ्याही नाही. आता कळतं की खांब परत यायचा नाही, एका बागेत कायमचा उभा केला आहे. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर देतो.

गाठ आहे की गळली हे माहेरच्या पुरुषाने डोळ्यांनी बघून सांगायचं असतं. सासरच्याचं धरत नाहीत, त्याचा जीव गुंतलेला असतो. तुमचे वडील नाहीत, तेव्हा तूच. तुझं पत्र चार माणसांत वाचलं जाईल. तुळसा सांगते, नीट बघ आणि असेल तसं लिही.

तुझी बहीण,
तुळसा

ता. क. हे माझं. आमची आई रोज सकाळी विचारते, "गाठ आसा मा रे?" तिचा जीव तेवढ्यावर आहे. तू शहाणा आहेस. — भिकाजी


मुंबई
९ सप्टेंबर १९५७

सौ. तुळसाबाय हिस महादूचा सा. नमस्कार.

पत्र पावलं. गोदीत सुट्टी मिळेना म्हणून रविवारपर्यंत थांबलो. बाग मोठी आहे. आपला खांब मधोमध उभा केला आहे, पत्र्याच्या पाटीवर 'कोकणातील कोरीव खांब' असं लिहिलं आहे. पोरं त्याच्याभोवती शिवाशिवी खेळतात आणि भेळवाला त्याच्याच सावलीत टोपली मांडतो. लोक फोटो काढतात. वाडीचं नाव मात्र पाटीवर कुठे नाही, हे भिकाजीभाईंना सांग.

बाय, गाठ आहे. जशीच्या तशी. हात लावून बघितली, चांगली घट्ट आहे. हळद अजून दिसते.

लवूभावोजी येतील. माझं मन सांगतं. तू कुंकू ठसठशीत लाव आणि कोण काय बोलतं तिकडे कान देऊ नकोस. सासूबाईंना माझा नमस्कार. त्यांना सांग, देवाला साखर ठेवा.

तुझा,
महादू


बांदवाडी
२ सप्टेंबर १९५८

चि. महादूस आशीर्वाद. लिहिणार भिकाजी.

तुझं गेल्या वर्षीचं पत्र वाचलं तेव्हा आमची आई उठून नाचायची बाकी होती. आता दुसरी नारळी पौर्णिमा झाली. पुन्हा जाऊन बघ.

तुळसाचं म्हणणं, हळद तर पहिल्या पावसात जाते आणि सुंभही दोन पावसाळ्यांवर टिकत नाही. मी म्हटलं, देवाच्या मनात असेल तर टिकेल. तरी ती तिच्या बोलीत सांगते ते तसंच लिहितो: "महादू, नीट बघलंस मा? आता तरी नीट बघ."

हल्ली ती फार बोलत नाही. आणखी काही लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, माज्या आयेचो खोकलो कसो आसा ता इचारा.

भिकाजी


मुंबई
५ ऑक्टोबर १९५८

सौ. बायस नमस्कार.

जाऊन आलो. गाठ आहे. ती टिकली याचं तुला नवल वाटतं, पण इथे खांबावर छप्पर घातलं आहे, पावसाचा थेंब लागत नाही. तेव्हा शंका नको. यापुढे दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी मी आपण होऊन जाईन आणि कार्ड टाकीन. तुम्ही मुद्दाम लिहू नका.

देवबागेत आयेचा खोकला बरा नाही. शेजारी भात आणून देतात, पण ती म्हणते, तुळसाच्या हातची पेज पाहिजे. तू एकदा जाऊन ये ना! खाडी काय, दहा मिनिटांची. रिवाज असतील, पण आवस ती आवसच.

तुझा,
महादू


मुंबई
१८ फेब्रुवारी १९६०

तुळसाबाय,

आयेचे दिवस उरकून काल परत आलो. लिहिणार नव्हतो, पण गप्प बसवत नाही.

तुझ्याकडे तीनदा होडी पाठवली. तीनदा रिकामी आली. चौथ्यांदा पाठवायला माझ्यात ताकद नव्हती आणि तोवर आयेत जीव नव्हता. खाडीपलीकडून माणूस हाक मारली तर ऐकू येतं, इतकं जवळ तुझं घर! शेजारणी विचारत होत्या, लेक खंय गेली? मी काय सांगायचं होतं? सुंभाची एक दोरी मुंबईत आहे, म्हणून लेक आली नाही?

शेवटच्या दिवशी ती माझ्या मांडीवर होती. नाव तुझं घेत होती. माझं एकदाही घेतलं नाही. मी बोललो, "आये, मी महादू," तर म्हणाली, "तुळसाक बोलव."

रिवाज पाळावेत, पण माणसाने काळीज दगडाचं करू नये. मी तुझ्यासाठी काय केलं आहे ते तुला ठाऊक नाही आणि आता सांगायची इच्छाही नाही. नारळी पौर्णिमेचं कार्ड टाकत जाईन. बाकी आपल्यात लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

महादू


बांदवाडी
१९ मार्च १९६०

महादू,

ह्या अक्षर माजा आसा, भिकाजीभावोजींचा न्हय. तुजी पत्रां चार माणसांत वाचून झाली की माज्याकडेच येतत. शब्दान् शब्द माका पाठ. कुठच्या जागेर खंयचो शब्द ता माहीत, म्हणान बोट ठेवन ठेवन वळाखलंय. 'गाठ आहे' ह्या पयला शिकलंय. मगे कोळशान चुलीच्या मागच्या भिंतीर गिरवलंय. दोन वर्सां लागली. चुकला तर हसू नको.

तू म्हणतंस, काळीज दगडाचा. तर आयक. तुजी होडी तीन येळा इली ती मी बघलंय. तिसऱ्या खेपेक मी पाण्यात उतरलंय, कमरेइतक्या. होडयेक हात लागाचो होतो. सासू काठार इली, तिका आता दिसना नाय, चाचपत इली. नुसता इतक्याच म्हणाली, "तुळसा, माजो झील, माजो लवू." मी मागे फिरलंय.

मगे देवबागच्या माडांतसून धूर वर इलो. मी बंदरार उभी रवान बघलंय. तो संपासर बघलंय. पण रडाक गावला नाय, महादू. गाठीतल्या बायलेन रडाचा नाय. आवशीसाठी सुद्धा नाय. ओठ चावलंय, रगत इला, पण डोळे सुके ठेवलंय. तेका तू दगड म्हणतंस तर म्हण.

आता खरा सांगतंय. भावोजींच्या हातान ह्या कधीच लिवक गावचा नाय होता. तुका वाटता तुजा कार्ड इला की मी खूष होतंय. भावोजी वाचतत, 'गाठ आहे.' सासू देवाक साखर ठेवता. मी चुलीकडे तोंड करून बसतंय. सगळ्यांका वाटता, लाजली. अरे, ती गाठ गळाची म्हणान मी दर पावसात देवाक हात जोडतंय!

लवू वायट नाय होतो. बरो होतो. माजो तेच्यार राग नाय. तो मेललो कळला असता तर मी रडलंय असतंय, बांगड्यो उतरलंय असतंय आणि जगलंय असतंय. तो इलो असतो तर पेज वाढलंय असतंय. पण तो येणा नाय, मरणा नाय, आणि मी मधीच उभी. चार वर्सां झाली. डोक्याचे केस सुंभासारे झालेत. कोणाच्या बारशाक नाय, कोणाच्या मयताक नाय. खाडयेपलीकडे आवशीचा घर दिसता, दाराक कडी लावलली दिसता.

म्हणान सांगतंय. बागेत जा आणि गाठ काप.

कापली तर तो मरतलो, ता माका ठावक आसा. बायल आपल्या घोवाक मारूक सांगता, असाच समज. पाप माका लागांदे, तू नुसतो हात. कोणाक सांगू नको. मगे कार्ड टाक, 'गाठ गळली.' दोनच शब्द. माका सोडव रे. तुका मी कडयेर घेवन वाढवलंय, आजपावत काय मागाक नाय.

तुळसा


(पोस्टकार्ड)
बांदवाडी
१४ जून १९६०

महादू, पत्र पावला काय? ता काम झाला काय? होय काय नाय, इतक्याच लिव.
तुळसा


मुंबई
११ ऑक्टोबर १९६०

बाय,

पाकिटावर 'सौ.' लिहायला गेलो आणि टाक थांबला. शेवटी लिहिलं, टपालवाल्याने भलतंच काही समजू नये म्हणून.

तुझं पत्र मार्चमध्येच पावलं. कार्डही पावलं. सात महिने ते पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतो आहे. घड्यांवर फाटलं. या वर्षी नारळी पौर्णिमेचं कार्ड टाकलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तीनदा बागेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. कारण कापायला तिथे गाठ नाही, बाय. नव्हतीच. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशीही नव्हती.

सत्तावन्न साली गेलो तेव्हा खांबाला तेलरंग फासला होता. कासव हिरवं, मगर लाल, मासळी पिवळी. देवदाराचा वासबीस काही नाही, नुसता रंगाचा. छातीएवढ्या उंचीवर दोरांनी घासून पडलेली खाच दिसली, तिथे गाठ असणार म्हणून बघितलं. वर बघितलं, कमरेपर्यंत खाली बघितलं. काही नाही. माळ्याला विचारलं तर म्हणाला, "आला तेव्हा चिंध्या-दोऱ्या लोंबत होत्या. घासून काढल्या नि रंग मारला." छप्परबिप्पर काही नाही. ते मी रचलं. अधूनमधून वरून नवा रंग मारतात.

खोलीवर येऊन खरंच लिहायला बसलो होतो. 'गाठ नाही.' लिहिलंही होतं. पण बापूस बुडाला तेव्हाचं आठवलं. आयेच्या बांगड्या पायरीवर फोडल्या तेव्हा तू तुझ्या तळव्याने माझे डोळे झाकले होतेस. सहा वर्षांचा होतो मी. दिसलं काही नाही, पण आवाज ऐकला. तोच आवाज पुन्हा कानात आला. माझं पत्र भिकाजीभाई चार माणसांत वाचणार आणि तिथल्या तिथे तुझ्या बांगड्या फुटणार! कागद फाडला नि 'आहे' असं लिहिलं. वाटलं, एक वर्ष निघेल, लवूभावोजी येतील. मग दुसरं वर्ष आलं. एकदा लिहिलं ते बदलायचं कसं?

म्हणजे तू सत्तावन्न सालापासून मोकळीच होतीस. तेल लावू शकली असतीस. रडू शकली असतीस. आयेला पेज भरवू शकली असतीस. ती तुझं नाव घेत होती आणि तुला मीच पलीकडे बांधून ठेवलं होतं. वर पुन्हा मीच तुला दगड म्हटलं! माझ्यासारखा नालायक भाऊ वैऱ्यालाही नको.

क्षमा माग म्हणून सुद्धा सांगू नकोस, माझ्या तोंडाला ती शोभत नाही. हे पत्र वाडीत दाखव. गाठ नाही, हे मी आता खरं सांगतो.

महादू


बांदवाडी
३ नोव्हेंबर १९६०

महादू,

पत्र भावोजींका दिलंय. तेंनी चार माणसांत वाचल्यानी. मगे जा झाला ता आयक.

लोक म्हणतत, साक्षी खोटो. वर्सानुवर्सां आसा म्हणाललो आता नाय म्हणता, ता भैणीचा बघून म्हणता. एकदा खोटा बोललेल्या माणसाची साक्ष धरूची नाय. मग दुसरो माहेरचो पुरुष आणा. दुसरो खंयसून आणू? म्हणजे आता ही गाठ कोणाच्याच तोंडान गळाची नाय. मरासर नाय. सासून तर आथरूण धरल्यान. दोन दिवस पेज घेणा नाय. भिंतीकडे तोंड करून म्हणता, "आसा. गाठ आसा."

तुजो राग इलो नाय असा लिवूचंय नाय. इलो. तुजा पत्र चुलीत घालूक गेललंय. पण त्यात एक गजाल वाचलंय आणि हात थांबलो.

अरे मेल्या, तू बघलंस खंय? छातयेएवढ्या उंचार होडयेचे दोर बांधतत. ती खाच दोरांची. बायल मनीस आपल्या घोवाची गाठ उभ्यान बांधता काय? पुरुष होडयेत चढले, पाठ फिरवल्यानी, की आमी जमनीर बसतो आणि कासवाच्या गळ्यात बांधतो. जमनीपासून हातभर. बांधताना पुरुषांनी ता बघूचा नसता, तुका कोण सांगतला? हंयचे पुरुष ह्या आयकान हसले. म्हणाले, साक्षी खोटो तो खोटो, वर आंधळो.

माका हसाक येवक नाय. मी ठरवलंय.

गाठ आसा काय नाय ता मी माज्या डोळ्यांनी बघतलंय. खाडी ओलांडतलंय. चोरून न्हय, सांगान. सासूक सांगलंय, भावोजींका सांगलंय. भावोजी म्हणाले, "परत येवक गावचा नाय गो." मी म्हटलंय, बघूया. एक रात देवबागेत आवशीच्या घरात, मगे मालवणसून बोट. तेरा तारखेक, आयतवारी, धक्क्यार ये. माका मुंबई ठावक नाय, गर्दीत घाबरान जायन. हात धर आणि सरळ त्या बागेत घेवन चल. बाकी काय बोलू नको.

तुळसा


मुंबई
२८ नोव्हेंबर १९६०

बाय,

बोट सुखरूप लागली ना? तू गेल्यापासून दोन आठवडे मी खुळ्यासारखा टपालाची वाट बघतो आहे.

बागेत तू म्हणालीस, "फाटकाकडे तोंड कर, पुरुषांनी बघूचा नसता." मी पाठ फिरवली. पाऊण तास तरी उभा होतो. मागून खरवडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि तू रडलीस. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. झोपाळ्यावरची पोरं उतरली, भेळवाला बघायला लागला. एक बाई मला म्हणाली, "अहो, बघा ना त्यांच्याकडे." मी वळलो नाही. एवढं तरी माझ्या हातून नीट झालं.

मग तू आलीस तेव्हा पदराच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं. नखांत हिरवा रंग होता आणि बोटांतून रक्त येत होतं. बोटीवर चढेपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. काय होतं तिथे? कापलंस का? मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो.

पाकिटावर यापुढे काय लिहू, तेही सांग.

महादू


देवबाग
१६ डिसेंबर १९६०

महादू,

गाठ थंयच होती.

कासवाच्या गळ्यात, जमनीपासून हातभर, मी बांधललंय तशीच. तुज्या त्या माळ्यान वरवरचा घासल्यान, वाकाक कोणाक व्हया? रंगार रंग चढलो, तिचो गोळो झालो. बघणाऱ्याक वाटात, कासवाच्या गळ्यातला लाकूडच आसा. मी हात फिरवलंय आणि माका कळला. कालवाची शिंपी घेवन गेललंय. त्याच शिंपयेन खरवडलंय. वर हिरवो, तेच्याखाली तांबडो, तेच्याखाली पुन्ना हिरवो. मगे सुंभ दिसला. कोरडा, करकरीत. रंग चढल्यापासून पाणी लागूकच नाय.

तू खोटा म्हणान लिवलंस ता खरा होता आणि खरा म्हणान लिवलंस ता खोटा! आता तूच काय ता समज. माका इतक्याच कळला, त्या रंगाखाली ती कधीच कुजाची नाय होती. मी मेलंय असतंय, सासू मेली असती, ती गाठ तशीच रवली असती. पोरां भोवती खेळली असती.

कापूचीच म्हणान गेललंय. शिंपी गाठीर ठेवलंय. लवूचा तोंड डोळ्यांसमोर इला. जाताना पाठ फिरवच्या आधी तेणा माज्याकडे बघल्यान तसा. हात चलाक नाय.

मगे माका वाटला, बांधणारी कोण? मी. कशी बांधलंय ता कोणाक ठावक? माका. कापूची कित्याक? मी शिंपी खाली ठेवलंय आणि बोटांनी सोडूक बसलंय. घोवान सोडूची असता, माजो घोव नाय हा, म्हणान मी सोडलंय. नखां मोडली. सुटली तेवा आतसून देवदाराचो वास इलो, आमच्या बंदराचो. तेवा रडलंय. पयला आयेसाठी, मगे लवूसाठी, शेवटी कोणासाठी ता माका ठावक नाय.

तेका मी मारूक नाय, महादू. तो खंय जीतो असात तर सुखान जीतो रवांदे. मी फक्त माका सोडवलंय.

बांदवाडयेक गेलंय. सासू आथरूणार होती. तिच्या हातार सुंभाचो तुकडो ठेवलंय. तिणा तो नाकाकडे नेल्यान. येळभर तसोच धरल्यान. म्हणाली, "कापलंस?"

"नाय. सोडलंय."

"तुज्या हातान?"

"माज्या हातान."

मगे तिणा माजी बोटां चाचपल्यान, एकेक करून. म्हणाली, "दुखली असतीली." आणि भावोजींका हाक मारून तेलाची बाटली मागल्यान. माजा डोक्या मांडयेर घेवन तिणा तेल घातल्यान, महादू. ओंजळभर घातल्यान, तरी खंय गेला कळाक नाय, म्हणान आणखी घातल्यान. बांगड्यांचा मी इचारलंय. म्हणाली, "माका दिसना नाय. तुका उतरूच्ये तर उतर, ठेवच्ये तर ठेव." तो तुकडो तिणा उशाखाली ठेवल्यान. रातचा झोपताना म्हणाली, "आसा मा रे?" कोणाक इचारल्यान ता इचाराक नाय.

वाडयेतले लोक अजून भांडतत. गाठ बायलेन आपल्या हातान सोडलली कोणी आयकाक नाय, तेवा क्रिया करूची काय नाय ता तेंका कळना नाय. भांडांदेत. मी थांबाक नाय.

आता देवबागेत आसय. आठ दिवस हंय, आठ दिवस सासूकडे, असा ठरवलंय. आयेच्या घराची कडी गंजलली, मुंबयक येतानाच दगड मारून काढललंय. चूल सारवलंय. सकाळी पेज केलंय, एक वाडगो तिच्या जागेर ठेवलंय.

ती तुज्या मांडयेर होती आणि मी पाण्यात. ता मी इसरूचंय नाय. माफ केलंय असा लिवन तुका बरा वाटात, पण मी आता खोटा लिवक शिकूचंय नाय. तू शिमग्याक ये. आवशीच्या खळ्यात बसूया, दोघांनी. तुकाय रडाचा आसतला.

आणि पाकिटार काय लिवचा ता इचारतंस. सौ. नको, दुसरा काय नको. नुसता तुळसा लिव. टपालवालो माका वळाखता.

तुळसा